दोष मंगळाचा की माणसाचा?

मंगळाकडे पाठविलेल्या यानांपैकी जवळपास निम्मी वाया गेली. त्यांच्या चौकशीचे अहवाल वाचले, तर ग्रहाच्या लहरीपणापेक्षा माणसांच्या लहानसहान दुर्लक्षाचीच कथा त्यांतून अधिक उलगडते.

२३ सप्टेंबर १९९९. मध्यरात्र उलटून दोन तास झाले होते. अमेरिकेतील पॅसाडेना येथील 'जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी' अर्थात जेपीएलच्या नियंत्रण कक्षात सर्वांचे डोळे पडद्यावर खिळले होते. 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' हे यान साडेनऊ महिन्यांचा प्रवास संपवून मंगळाच्या दारात पोहोचले होते. ठरल्याप्रमाणे त्याचे मुख्य इंजिन सुरू झाले, वेग कमी होऊ लागला आणि यान ग्रहाआड जाऊ लागले. ग्रहाआड गेल्यावर संपर्क तुटणार, हे गृहीतच होते. मात्र, तो अपेक्षेपेक्षा ४९ सेकंद आधीच तुटला. काही मिनिटांनी यान दुसऱ्या बाजूने बाहेर यायचे होते. ते आलेच नाही. त्यानंतर त्याचा एकही संदेश पृथ्वीवर आला नाही.

पुढे जे कारण उघड झाले, ते ऐकून शाळकरी मुलांनाही हसू आले असते. एका संगणकाने आकडे पौंडांत दिले होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असे समजून वापरले होते.

मंगळाकडे यान पाठविण्याचा पहिला प्रयत्न १९६० साली झाला. तेव्हापासून पन्नासहून अधिक मोहिमा आखल्या गेल्या आणि त्यांतील जवळपास निम्म्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अपयशी ठरल्या. पृथ्वी आणि मंगळ यांच्या वाटेवर यान गिळणारा एक राक्षस दबा धरून बसला आहे, असा विनोद अमेरिकी अभियंते आणि पत्रकारांमध्ये १९६० च्या दशकापासूनच रूढ आहे. पत्रिकेतल्या मंगळाची धास्ती बाळगणाऱ्या आपल्या समाजाला तर ही कल्पना परकी वाटणारही नाही. परंतु फसलेल्या मोहिमांच्या चौकशी समित्यांना या वाटेवर राक्षस सापडला नाही. त्यांना सापडले ते न केलेले परीक्षण, न पोहोचलेला निरोप आणि घाईत दिलेली मंजुरी.

वाट बिकट का?

अर्थात, मंगळाची वाट मुळातच अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती वेगवेगळ्या गतीने फिरतात. कमी इंधनात मंगळ गाठता येईल अशी त्यांची परस्परस्थिती साधारण २६ महिन्यांतून एकदाच जुळून येते. हा मुहूर्त काही आठवड्यांचाच असतो. तो हुकला, तर दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. यानाच्या चाचण्या अपुऱ्या राहिल्या असतील, तरी कॅलेंडर थांबत नाही. अनेक मोहिमांच्या अपयशाची बीजे या घाईतच रोवली गेली.

दुसरी अडचण अंतराची. दोन ग्रह एकमेकांच्या अगदी जवळ येतात तेव्हाही त्यांच्यात सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरचे अंतर असते. सर्वांत दूर असताना ते ४० कोटी किलोमीटरपर्यंत जाते. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या रेडिओ संदेशालाही एका बाजूने ३ ते २२ मिनिटे लागतात. यानाला काही झाले आहे हे पृथ्वीवर कळते, तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. साहजिकच निर्णायक क्षणी यानाने स्वतःच निर्णय घ्यावा लागतो आणि तो निर्णय त्याच्या संगणकात अनेक महिने आधी कुणीतरी लिहून ठेवलेला असतो.

तिसरी अडचण मंगळाच्या वातावरणाची. तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. ही हवा यानाला तापवण्याइतकी दाट आहे. पण त्याला केवळ हवाई छत्रीच्या आधारे अलगद उतरवण्याइतकी दाट नाही. ताशी सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने शिरणारे यान साधारण सात मिनिटांत शून्य वेगावर आणावे लागते. त्यासाठी उष्णतारोधक कवच, मग हवाई छत्री आणि शेवटी इंजिने किंवा हवेच्या पिशव्या अशी कामांची साखळी असते. त्यातील एक कडी निखळली, तरी पुढच्या सगळ्या कड्या निरुपयोगी ठरतात.

तेवीस दिवसांत दुरुस्ती

ऑक्टोबर १९६० मध्ये सोव्हिएत संघाने चार दिवसांच्या अंतराने दोन याने मंगळाकडे रवाना केली. दोन्ही पृथ्वीच्या कक्षेपर्यंतही पोहोचू शकली नाहीत. नोव्हेंबर १९६२ मध्ये निघालेल्या 'मार्स-१' ने सुमारे साडेदहा कोटी किलोमीटरचा पल्ला गाठला. पण मार्च १९६३ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला.

अमेरिकेची सुरुवातही फारशी वेगळी नव्हती. ५ नोव्हेंबर १९६४ रोजी सुटलेल्या 'मरिनर-३' वरील संरक्षक आवरण उड्डाणानंतर वेगळे झालेच नाही. सौरपंखे उघडू न शकल्याने यानाची वीज संपली. त्याचे जुळे यान 'मरिनर-४' तयार होते आणि मुहूर्त निघून चालला होता. अभियंत्यांनी फायबरग्लासच्या आवरणातील दोष शोधला, धातूचे नवे आवरण बनवले आणि २८ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या २३ दिवसांत, दुसरे यान सोडले. जुलै १९६५ मध्ये 'मरिनर-४' मंगळाजवळून गेले आणि दुसऱ्या ग्रहाची जवळून घेतलेली पहिली छायाचित्रे माणसाच्या हाती आली.

ती हाती येण्याचा वेगही आजच्या पिढीला नवलाचा वाटावा असाच होता. सेकंदाला सुमारे आठ बिट या गतीने एक छायाचित्र पृथ्वीवर यायला आठ तास लागत. संगणकाने त्याचे चित्र तयार करेपर्यंत धीर न धरवल्याने जेपीएलमधील कर्मचाऱ्यांनी आलेल्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि रंगीत खडूंनी त्या स्वतःच रंगवल्या. छायाचित्रांत दिसली ती उल्कापातांनी पडलेली विवरे. मंगळावर कालवे आहेत आणि ते कुण्या बुद्धिमान जीवांनी खोदले आहेत, ही पाऊणशे वर्षांची कल्पना त्या २१ छायाचित्रांनी मोडीत काढली.

वादळ शमण्याची वाट

यश आणि अपयश यांतला फरक १९७१ मध्ये फार स्पष्टपणे दिसला. त्या वर्षी तीन याने जवळपास एकाच वेळी मंगळावर पोहोचली. अमेरिकेचे 'मरिनर-९' १४ नोव्हेंबरला मंगळाच्या कक्षेत शिरले आणि परग्रहाभोवती फिरणारे ते पहिले यान ठरले. पाठोपाठ सोव्हिएत संघाची 'मार्स-२' आणि 'मार्स-३' ही याने आली. परंतु त्या वेळी मंगळावर प्रचंड धुळीचे वादळ उठले होते. अवघा ग्रह एखाद्या पिवळट गोळ्यासारखा दिसत होता.

'मरिनर-९' च्या संगणकाला पृथ्वीवरून नव्या आज्ञा देणे शक्य होते. शास्त्रज्ञांनी छायाचित्रणाचा कार्यक्रम पुढे ढकलला आणि वादळ शमण्याची वाट पाहिली. सोव्हिएत यानांचा कार्यक्रम मात्र आधीच ठरलेला होता. तो बदलता येत नव्हता. त्यांनी ठरल्या वेळी धुळीची छायाचित्रे घेतली आणि ठरल्या वेळी आपले अवतरक वादळात सोडले. 'मार्स-२' चा अवतरक आदळला. मंगळाच्या भूमीला लागलेली ती पहिली मानवनिर्मित वस्तू. 'मार्स-३' चा अवतरक २ डिसेंबर १९७१ रोजी अलगद उतरला. मंगळावरचे ते पहिले यशस्वी अवतरण होते. पण सुमारे २० सेकंद संदेश पाठवून तो कायमचा गप्प झाला. इकडे धूळ खाली बसली तशी 'मरिनर-९' ला आधी ज्वालामुखींची शिखरे आणि मग सुमारे चार हजार किलोमीटर लांबीची दरी दिसली. त्याने एकूण सात हजारांहून अधिक छायाचित्रे पाठविली. सोव्हिएत अभियंते कौशल्यात कमी नव्हते. त्यांच्या यानाला थांबता येत नव्हते, एवढाच काय तो फरक.

पुढे 'व्हायकिंग-१' ने हाच धडा गिरवला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशी, ४ जुलै १९७६ रोजी, ते मंगळावर उतरावे अशी योजना होती. कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत नियोजित जागा खडबडीत आणि धोक्याची दिसली. राष्ट्रीय सोहळ्याचा मोह बाजूला ठेवून अवतरण पुढे ढकलण्यात आले. दुसरी जागा शोधून २० जुलैला यान सुखरूप उतरले आणि सहा वर्षांहून अधिक काळ चालले.

दोष ठाऊक होता

याच्या नेमके उलट उदाहरण १९७३ मधील आहे. सोव्हिएत संघाने त्या वर्षी एकदम चार याने मंगळाकडे पाठविली. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत त्यांच्यातील ट्रान्झिस्टर सदोष असल्याचे आढळले होते. सोन्याची बचत करण्यासाठी त्यांच्या आतील जोडण्या अ‍ॅल्युमिनियमच्या केल्या होत्या आणि त्या काही महिन्यांतच निकामी होत होत्या. सगळे ट्रान्झिस्टर बदलायचे, तर मुहूर्त हुकणार होता. जाणकारांनी धोक्याची कल्पना देऊनही याने सोडण्यात आली. 'मार्स-४' चे इंजिन ऐन वेळी सुरू झाले नाही आणि ते ग्रहाजवळून निघून गेले. 'मार्स-५' कक्षेत पोहोचले. पण थोड्याच दिवसांत बंद पडले. 'मार्स-६' चा अवतरक खाली उतरता उतरता गप्प झाला, तर 'मार्स-७' चा अवतरक सुमारे १३०० किलोमीटर अंतराने ग्रहच चुकला. दोन वर्षांचा विलंब टाळण्याची किंमत चार यानांनी मोजली.

कधी कधी एका अक्षराचीही किंमत मोजावी लागते. जुलै १९८८ मध्ये निघालेल्या 'फोबोस-१' ला ऑगस्टअखेरीस पृथ्वीवरून आज्ञांची एक मालिका पाठविण्यात आली. तिच्यात एक चिन्ह गळाले होते. नेमक्या त्या चुकीच्या आज्ञेने यानाच्या स्मृतीत राहून गेलेला, केवळ जमिनीवरील चाचण्यांसाठी असलेला एक कार्यक्रम जागा झाला आणि त्याने यानाची दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद केली. सौरपंख्यांचे तोंड सूर्यापासून फिरले, विजेरी संपली आणि यान गेले.

अमेरिकी यानेही अशा घातातून सुटली नाहीत. 'व्हायकिंग-१' शी १९८२ मध्ये संपर्क तुटला, तो एका आज्ञेने अँटेना पृथ्वीकडे वळवण्याची माहितीच पुसून टाकल्यामुळे. 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' हे यान नऊ वर्षे उत्तम काम करून नोव्हेंबर २००६ मध्ये बंद पडले. त्याच्या बाबतीतही पाच महिन्यांपूर्वी स्मृतीतील चुकीच्या जागी लिहिली गेलेली आज्ञा कारणीभूत ठरली. ठरलेले काम पुरे करून दोन्ही याने दीर्घायुषी ठरली होती, एवढाच दिलासा.

पौंड आणि न्यूटन

१९९३ मध्ये 'मार्स ऑब्झर्व्हर' मंगळाच्या कक्षेत शिरण्यास तीन दिवस उरले असताना नाहीसे झाले. सुमारे ८० कोटी डॉलरच्या या नुकसानीनंतर नासाने आपला पवित्रा बदलला. संस्थेचे तत्कालीन प्रमुख डॅनियल गोल्डिन यांनी 'अधिक जलद, अधिक चांगले, अधिक स्वस्त' या सूत्राचा पुरस्कार केला होता. एका महागड्या यानाऐवजी अनेक छोटी याने पाठवावीत, म्हणजे एखादे गेले तरी सर्वस्व जाणार नाही, असा त्यामागचा विचार. ४ जुलै १९९७ रोजी हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेले 'पाथफाइंडर' मंगळावर उसळ्या मारत उतरले आणि साडेदहा किलोची 'सोजर्नर' बग्गी तेथे फिरू लागली, तेव्हा हे सूत्र सिद्ध झाल्यासारखेच वाटले. पुढच्या दोन यानांवर आणखी काटकसर लादण्यात आली.

'क्लायमेट ऑर्बायटर' हे त्यांपैकी पहिले. या यानाचा सौरपंखा एकाच बाजूला होता. सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्म दाबाने यान किंचित फिरू पाही आणि ते सावरण्यासाठी त्याच्यावरील छोटी इंजिने वारंवार चालवावी लागत. प्रत्येक वेळी मार्गात अत्यल्प फरक पडे. तो किती पडला, याचा हिशेब ठेवणारी आज्ञावली यानाची निर्मिती करणाऱ्या कंपनीकडे होती. करारानुसार आकडे न्यूटन-सेकंदात द्यायचे होते. प्रत्यक्षात ते पौंड-सेकंदात निघत होते. दोहोंत जवळपास साडेचार पटींचा फरक. कोट्यवधी किलोमीटरच्या प्रवासात हा फरक साचत गेला. मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे यान प्रत्यक्षात ५७ किलोमीटरवर उतरले. ८० किलोमीटरखाली त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते.

तथापि, खरी बोचणारी गोष्ट ही नव्हे. यानाचा मार्ग मोजणाऱ्या तज्ज्ञांना आकडे जुळत नसल्याची शंका काही महिने आधीच आली होती. त्यांनी ती ई-मेलवरून आणि बोलण्यातून मांडलीही. मात्र, ठरलेल्या पद्धतीने नोंद न झाल्याने तिचा पाठपुरावा झाला नाही. अखेरच्या दिवसांत मार्ग दुरुस्त करण्याची एक संधी शिल्लक होती. तिच्यावर चर्चा झाली, पण ती घेतली गेली नाही. चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. ती पकडणारी व्यवस्था का निकामी ठरली, हा खरा प्रश्न आहे, अशी कबुली नासालाच द्यावी लागली.

त्यानंतर दहाच आठवड्यांनी, ३ डिसेंबर १९९९ रोजी, 'मार्स पोलर लँडर' मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरताना हरवले. चौकशी समितीने सांगितलेले सर्वाधिक संभाव्य कारण असे : सुमारे दीड किलोमीटर उंचीवर यानाचे दुमडलेले पाय उघडले. त्या हिसक्याने पायांतील संवेदकांनी जमिनीला स्पर्श झाल्याचा खोटा इशारा दिला. संगणकाने तो लक्षात ठेवला आणि ४० मीटर उंचीवर येताच 'आपण पोहोचलो' असे समजून इंजिने बंद केली. असा खोटा इशारा येऊ शकतो, हे अभियंत्यांना ठाऊक होते. तो दुर्लक्षित करावा, असे यानाच्या आराखड्यात लिहिलेही होते. मात्र, ते आज्ञावली लिहिणाऱ्यांपर्यंत नेमकेपणाने पोहोचले नाही. पाय उघडण्याची चाचणीही झाली होती. पण तेव्हा संवेदकांची तारजोडणी चुकलेली होती. जोडणी दुरुस्त झाली आणि चाचणी मात्र पुन्हा घेतली गेली नाही.

त्यातही हे कारण 'संभाव्य'च राहिले, कारण उतरताना माहिती पाठविण्याची सोय खर्च वाचविण्यासाठी यानावर ठेवलीच नव्हती. व्हायकिंग मोहिमेचा अनुभव असलेले टॉम यंग यांच्या समितीने २००० साली दिलेल्या अहवालात या मोहिमांना गरजेपेक्षा किमान ३० टक्के कमी निधी मिळाल्याचा निष्कर्ष काढला. तुटपुंज्या पैशांत काम निभावताना माणसांवर अतोनात ताण आला आणि चाचण्यांनाच कात्री लागली, हे त्यातून स्पष्ट झाले.

अपयशाची शवचिकित्सा

पोलर लँडरच्या धर्तीवर बनविलेले, २००१ मध्ये जायचे एक यान अपघातानंतर रद्द होऊन गोदामात पडले होते. काही वर्षांनी ते बाहेर काढण्यात आले. आपले भावंड का हरवले असेल, या एका प्रश्नाभोवती त्याची कसून तपासणी झाली आणि आधी न दिसलेल्या अनेक त्रुटी उजेडात आल्या. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे, 'फिनिक्स'चे, नाव धारण करून ते २५ मे २००८ रोजी मंगळाच्या उत्तर भागात अलगद उतरले आणि मातीखालचे बर्फ त्याने उघडे करून दाखविले. त्याच आराखड्यावर आधारलेले 'इनसाइट' यान २०१८ मध्ये यशस्वीपणे उतरले.

उतरताना यान बोलते ठेवण्याचे महत्त्व युरोपच्या दोन मोहिमांतून कळते. २५ डिसेंबर २००३ रोजी ब्रिटनचे 'बीगल-२' मंगळावर उतरायचे होते. त्याच्याकडून काहीही कळले नाही. अनेक वर्षे ते आदळून फुटले असावे असे मानले जाई. जानेवारी २०१५ मध्ये कक्षेतील यानाने घेतलेल्या छायाचित्रांत ते सापडले. ते जमिनीवर नीट पोहोचले होते. पण त्याचे सगळे सौरपंखे उघडले नव्हते आणि त्यांच्याखाली अँटेना झाकली गेली होती. या मोहिमेमागचे प्राध्यापक कॉलिन पिलिंजर यांचे त्याआधी काही महिन्यांपूर्वीच निधन झाले होते. आपले यान मंगळावर उतरले होते, हे त्यांना कधीच समजले नाही.

याउलट, युरोपचे 'स्कायापरेली' १९ ऑक्टोबर २०१६ रोजी आदळले, तरी ते अखेरपर्यंत माहिती पाठवत होते. हवाई छत्री उघडताना यान जोराने हेलकावले आणि त्याचे फिरणे मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद कमाल मर्यादेवर अडकले. त्यावरून संगणकाने हिशेब केला, तो यान जमिनीच्या खाली असल्याचा! त्याने सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवर छत्री सोडून दिली आणि इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली. यान गेले, पण 'का' या प्रश्नाचे उत्तर काही महिन्यांत मिळाले.

वेळीच दोष पकडता आला, तर मरणासन्न यानही वाचते. जानेवारी २००४ मध्ये उतरलेली 'स्पिरिट' बग्गी अठराव्या दिवशी बेताल वागू लागली. तिचा संगणक पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होत होता. स्मृतीत फायलींची गर्दी झाली आहे, हे पृथ्वीवरील अभियंत्यांनी ओळखले, ती स्मृती टाळून संगणक सुरू केला आणि हजारो निरुपयोगी फायली पुसल्या. ९० दिवसांसाठी पाठविलेली 'स्पिरिट' सहा वर्षे चालली. तिची जुळी बहीण 'ऑपॉर्च्युनिटी' १४ वर्षांहून अधिक काळ राबली आणि ४५ किलोमीटर फिरली.

मंगळयानाचे चार सेकंद

भारताच्या मंगळयानाची गोष्ट सांगताना ४५० कोटी रुपयांच्या खर्चाचा उल्लेख हटकून होतो. तो योग्यच आहे. पण हे यश केवळ स्वस्ताईचे नव्हते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून ज्या पीएसएलव्ही अग्निबाणाने यान नेले, त्याच्या घडणीत विक्रोळीच्या गोदरेजचा आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा वर्षानुवर्षे हातभार लागला आहे. हा अग्निबाण भरवशाचा खरा. परंतु यानाला थेट मंगळाच्या वाटेवर फेकण्याइतका ताकदवान नव्हे. म्हणून पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावण्याची युक्ती 'इस्रो'ने योजली.

११ नोव्हेंबरला त्यात विघ्न आले. कक्षा एक लाख किलोमीटरपर्यंत न्यायची होती. ती ७८ हजारांवरच अडली. इंजिनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकाच वेळी चालवून पाहताना इंधनाचा प्रवाह थांबला होता. एकेकटी ती नीट चालत होती. कारण कळताच दुसऱ्याच दिवशी जादा प्रज्वलन करून तूट भरून काढण्यात आली.

खरी कसोटी पुढे होती. मंगळाजवळ वेग कमी करण्यासाठी जे मुख्य इंजिन वापरायचे, ते सुमारे ३०० दिवस थंड पडून होते. ते सुरू होईल की नाही, याची खात्री देता येत नव्हती. त्यासाठी इंधन पुरविणाऱ्या नळ्यांचा पर्यायी मार्ग आधीच ठेवला होता. मुख्य इंजिन दगा देईल तर छोट्या इंजिनांवर काम निभावण्याची योजनाही तयार होती. २२ सप्टेंबर २०१४ रोजी, ऐन परीक्षेच्या दोन दिवस आधी, ते इंजिन अवघे चार सेकंद चालवून पाहिले. ते चालले. २४ सप्टेंबरच्या सकाळी सुमारे २४ मिनिटे प्रज्वलन झाले, यान मंगळाआड जाऊन बाहेर आले आणि पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठणारा भारत हा पहिला देश ठरला. सहा महिन्यांसाठी पाठविलेले हे यान २०२२ पर्यंत, म्हणजे जवळपास आठ वर्षे, कार्यरत होते.

मुहूर्त आणि मंजुरी

त्यानंतर मंगळावर गर्दी वाढली. फेब्रुवारी २०२१ च्या एकाच महिन्यात संयुक्त अरब अमिरातीचे 'होप', चीनचे 'तियानवेन-१' आणि अमेरिकेची 'पर्सिव्हरन्स' बग्गी अशी तिन्ही याने यशस्वी झाली. तीन महिन्यांनी चीनने 'झुरोंग' ही बग्गीही उतरविली. 'पर्सिव्हरन्स'बरोबर गेलेल्या छोट्या हेलिकॉप्टरने पाच उड्डाणांच्या अपेक्षेपुढे जाऊन जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे केली. त्यावरून आता मंगळ सोपा झाला, असा समज होण्याची शक्यता आहे. 'पाथफाइंडर'च्या यशानंतर, १९९७ मध्येही, नेमका असाच समज झाला होता.

भारतालाही अवतरणाची कठीण परीक्षा नवी नाही. २०१९ मध्ये चंद्रावर उतरताना 'विक्रम' कोसळला. त्यानंतर 'इस्रो'ने काय काय बिघडू शकते याची यादी करून 'चांद्रयान-३' ची रचना केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते उतरवून दाखविले. मंगळावर उतरण्याची वेळ येईल, तेव्हा हीच शिस्त उपयोगी पडेल.

मंगळाचा मुहूर्त दर २६ महिन्यांनी येतो आणि प्रत्येक वेळी कुठल्या तरी नियंत्रण कक्षात उड्डाणाच्या मंजुरीची बैठक होते. १९७३ मध्ये अशा वेळी ट्रान्झिस्टरविषयीचा इशारा बाजूला ठेवला गेला. १९९९ मध्ये आकड्यांबद्दलची शंका ई-मेलमध्येच राहिली. २०१४ मध्ये मात्र ३०० दिवस थंड पडलेले इंजिन सुरू होईलच असे कुणी गृहीत धरले नाही. चार सेकंदांपुरते ते आधी चालवून पाहिले गेले.